टीव्हीवरच्या कोर्टात शिक्षा एकच



आज लिहायचं आहे ते टीव्हीवरच्या कोर्टाबद्दल. सिनेमातल्या कोर्टाबद्दल नाही. तिथे सगळं खोटं असतं हे तिकीट काढतानाच आपल्याला ठाऊक असतं. मी म्हणते ते कोर्ट निराळं. उंच खुर्ची, काळा झगा, समोर दोन बाजूंना दोन खरी माणसं, त्यांचं खरं भांडण, आणि मधोमध एक न्यायाधीश. अर्ध्या तासात कोण खरं, कोण खोटं हे सांगून सगळे मोकळे. संध्याकाळी भाजी निवडता निवडता बघायला फार सोयीचा प्रकार. आता तर टीव्हीसुद्धा लागत नाही. फोनवर दोन-दोन मिनिटांचे तुकडे येतात. न्यायाधीशाने कोणाला कसं झापलं, एवढंच त्यात असतं. आधी काय झालं आणि नंतर काय झालं ते कापलेलं.

बऱ्याच जणींचं म्हणणं असतं, "चांगलाच कार्यक्रम आहे की. सासू-सुनांच्या कारस्थानांपेक्षा बरा. चार गोष्टी कायद्याच्या तरी कळतात." माझं म्हणणं बरोबर उलटं आहे. सासू-सुनांच्या मालिका निदान खोट्या माणसांना रडवतात. हे कोर्ट खऱ्या माणसांना रडवतं आणि वर त्याला न्याय म्हणतं. मालिका बघून कोणी कट करायला शिकत असेल-नसेल, पण हे कोर्ट बघून आपण न्याय म्हणजे काय हे चुकीचं शिकतो, आणि ते शिक्षण थेट आपल्या घरात वापरतो.

हे कोर्ट चालतं कसं

हा प्रकार मुळात अमेरिकेचा. नटांनी वठवलेले खटले तिथे रेडिओ-टीव्हीवर फार आधीपासून होते. पण खऱ्या माणसांचे खरे दावे समोर घेऊन बसणारं कोर्ट घराघरांत पोहोचवलं ते 'द पीपल्स कोर्ट' या कार्यक्रमाने, १९८१ साली. खुर्चीवर होते जोसेफ वॉपनर, लॉस एंजेलिसच्या कोर्टांत सुमारे वीस वर्षं न्यायाधीश राहून निवृत्त झालेले गृहस्थ. मग १९९६ साली 'जज ज्युडी' आली. ज्युडिथ शाइंडलिन या न्यूयॉर्कच्या कुटुंब न्यायालयात न्यायाधीश होत्या. तिथून त्या टीव्हीवर आल्या आणि २०२१ पर्यंत हा कार्यक्रम चालला. वॉपनर शांत, जुन्या वळणाचे. ज्युडीबाई फटकळ. लोकांना फटकळपणा जास्त आवडला.

दावे असतात साधे. उसने दिलेले पैसे, घराची अनामत रक्कम, गाडीला पडलेला पोचा, मोडलेलं लग्न आणि परत न आलेली अंगठी, शेजाऱ्याचं चावरं कुत्रं. कार्यक्रमाची माणसं खऱ्या किरकोळ दाव्यांच्या कोर्टांतून अशी प्रकरणं धुंडाळतात. जे प्रकरण रंगेल असं वाटतं, त्यातल्या दोन्ही बाजूंना बोलावणं जातं. दोघंही सही करून देतात की खऱ्या कोर्टातला दावा आम्ही सोडतो आणि इथला निर्णय मान्य करतो. प्रवासाचा, हॉटेलचा खर्च कार्यक्रमाचा, वर हजेरीचे पैसे. म्हणजे कायद्याने बघितलं तर हे कोर्ट नव्हेच, हा लवाद आहे. खुर्चीवरची व्यक्ती पूर्वी खरी न्यायाधीश असेल, पण त्या स्टुडिओत ती न्यायाधीश नसते. झगा हा पोशाख आणि हातोडा हे खेळणं. 'जज ज्युडी'त मागच्या बाकांवर बसून माना डोलावणारे लोकसुद्धा पैसे देऊन आणलेले असायचे.

आता यातली खरी मेख सांगते. 'जज ज्युडी'त दाव्याची मर्यादा पाच हजार डॉलर होती. समजा निकाल लागला की प्रतिवादीने वादीला तीन हजार डॉलर द्यावेत. हे तीन हजार कोण देतं? प्रतिवादी देत नाही, कार्यक्रमाचे निर्माते देतात. हरलेल्या माणसाच्या खिशातून एक पैसा जात नाही. उलट तो फुकटचा प्रवास करून, हॉटेलात राहून, हजेरीचे पैसे घेऊन घरी जातो.

इथे जरा थांबून विचार करा. खऱ्या कोर्टात हरलेल्याला पैसे भरावे लागतात, जागा सोडावी लागते, केलेलं निस्तरावं लागतं. या कोर्टात तसलं काहीच नाही. मग इथे हरणाऱ्याला शिक्षा कोणती? एकच उरते. लाखो लोकांसमोर झालेली फजिती. "गप्प बसा", "तुम्ही खोटं बोलताय", "मला मूर्ख समजता का" हे ऐकून घेणं, खाली घातलेली मान कॅमेऱ्याने जवळून टिपणं, आणि मग ते वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा दाखवलं जाणं. पैशाचा निकाल निर्मात्यांनी आपल्या खिशातून मिटवला, कारण त्यांना हवी असलेली वसुली निराळीच होती.

त्या वसुलीचा भावही बघून घ्या. ज्युडिथ शाइंडलिन यांचं शेवटच्या काळातलं मानधन वर्षाला ४ कोटी ७० लाख डॉलर होतं, आणि त्यासाठी वर्षातले सुमारे ५२ दिवस चित्रीकरण. त्याच काळात अमेरिकेच्या सरन्यायाधीशांचा वर्षाचा पगार तीन लाख डॉलरच्या आत होता. न्यायाला जगात कुठेही एवढा भाव मिळत नाही. हा भाव झापण्याला आहे.

बघणाऱ्याच्या डोक्यात काय शिरतं

"अहो, करमणूक आहे, कोण खरं मानतं?" असं म्हणणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. १९८९ साली 'वॉशिंग्टन पोस्ट'ने लोकांना विचारलं तेव्हा निम्म्याहून जास्त लोकांना टीव्हीवरचे वॉपनर माहीत होते. देशाचे सरन्यायाधीश विल्यम रेन्क्विस्ट यांचं नाव दहातल्या एकालाही धड सांगता आलं नाही. आणि २०१६ साली तिथल्या एका संस्थेने प्रसिद्ध केलेल्या पाहणीत महाविद्यालयातून पदवी घेतलेल्या सुमारे दहा टक्के लोकांनी ज्युडीबाई सुप्रीम कोर्टात आहेत असं उत्तर निवडलं. शिकलेली माणसं, बरं का. तेव्हा करमणूक म्हणून बघितलेलं डोक्यात करमणूक म्हणून राहत नाही.

आणि ज्या सत्याचा एवढा डंका, ते तरी तिथे सापडतं का? 'जज ज्युडी'त २०१० साली एक खटला दाखवला गेला. टीव्ही अंगावर पडून मांजर मेलं, भरपाई द्या. पुढे काही वर्षांनी त्या तरुण मंडळींनी सांगून टाकलं की सगळा बनाव होता. फुकटात लॉस एंजेलिसची सहल करायची होती. बाईंना कळलं नाही. कळणार कसं? खऱ्या कोर्टात साक्षीपुरावा असतो, उलटतपासणी असते, पुढच्या तारखेला कागद मागवता येतो, आणि निकाल चुकला तर वरचं कोर्ट असतं. इथे चेहरा बघून ओळखायचं. ज्याची जीभ चालते तो खरा ठरतो. घाबरून त-त-प-प करणारा खोटा ठरतो. आयुष्यात कधी चार लोकांत न बोललेल्या एखाद्या बाईला अशा जागी उभी करा आणि सांगा, तिचं काय होईल.

मराठी रंगभूमीने हे आधीच दाखवलं होतं

मराठी माणसाला तरी हे नवं वाटायला नको. विजय तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' हे नाटक १९६७ साली रंगमंचावर आलं. अरविंद देशपांडे यांचं दिग्दर्शन आणि बेणारेबाईंच्या भूमिकेत सुलभा देशपांडे. त्यात एक हौशी नाटकमंडळी वेळ घालवायला खोटा खटला खेळते. खेळच तो, आरोपी म्हणून मंडळीतली शिक्षिका लीला बेणारे हिला उभी करतात. आणि बघता बघता खेळ खरा होतो. खेळाच्या आडून तिचं खाजगी आयुष्य उघडं केलं जातं, तिचं अविवाहित असणं, तिचं गरोदरपण, सगळं. खेळ म्हणून सुरू केलं होतं, त्यामुळे कोणालाच आपण काही वाईट करतोय असं वाटत नाही. न्यायाधीश झालेले काशीकर मजेत आहेत, बाकीचे मजेत आहेत. फक्त जिच्यावर खटला चालला आहे ती आतून मोडते.

तेंडुलकरांनी ते दाखवलं तेव्हा प्रेक्षक अस्वस्थ होऊन घरी गेले. आपण आज तेच रिमोट हातात घेऊन बघतो आणि मध्ये जाहिराती लागल्या की चहा टाकून येतो.

आपल्याकडचं कोर्ट

आपल्याकडे टीव्हीवरच्या कोर्टाचं सर्वांत ओळखीचं नाव म्हणजे रजत शर्मांची 'आप की अदालत', १९९३ पासूनची. त्याबद्दल माझी फारशी तक्रार नाही. तिथे आरोपीच्या पिंजऱ्यात पुढारी आणि नट-नट्या बसतात. ते ताकदवान लोक आहेत, स्वतःहून येतात, टाळ्या घेऊन जातात. शेवटी न्यायाधीश म्हणून बसवलेले पाहुणे गोड निकाल देतात. ती मुलाखतच आहे, कोर्टाचं फक्त नेपथ्य. ज्याच्याकडे सत्ता आहे त्याला चार लोकांत प्रश्न विचारले तर बिघडत काहीच नाही.

बिघडतं ते साध्या माणसाला तिथे उभं केल्यावर. २००८ च्या अखेरीस स्टार प्लसवर 'आप की कचहरी' आली, किरण बेदी यांची. पोलीस सेवेत एवढं नाव कमावलेल्या बाई, हेतू नक्कीच चांगला, आणि अमेरिकन तऱ्हेचा तोंडाळपणाही नाही. पण समोर कोण होतं? नवरा-बायको, भाऊ-भाऊ, सासू-सून. घरातली भांडणं. माणूस चांगला बसवला म्हणून मांडणी चांगली होत नाही. हुंडा, मारहाण, जागेची वाटणी, मुलांचा ताबा या गोष्टी देशभरच्या दिवाणखान्यांत दिसाव्यात का, हा प्रश्न खुर्चीवर कोण बसलंय यावर अवलंबून नाही.

आणि याचं उत्तर आपल्या कायद्याने कधीच देऊन ठेवलं आहे. हिंदू विवाह कायदा, १९५५ चं कलम २२ सांगतं की या कायद्याखालचं कामकाज बंद दाराआड चालवावं आणि त्यातला मजकूर छापू वा प्रसिद्ध करू नये. आपल्या जैन घरांतली लग्नंही याच कायद्याखाली येतात. कुटुंब न्यायालय कायदा १९८४ चा. त्यातही दोघांपैकी एकाने जरी म्हटलं की बाहेरची माणसं नकोत, तर सुनावणी बंद खोलीत घ्यावी लागते. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यातही बंद दाराआड सुनावणीची सोय आहे. अलीकडे २०२२ पासून सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठांचं कामकाज थेट दिसायला लागलं, कोणीही बघावं. पण थेट प्रक्षेपणाचे जे आदर्श नियम आखले गेले, त्यांत विवाहाची प्रकरणं, मुलांच्या ताब्याची प्रकरणं, लैंगिक अत्याचाराची प्रकरणं स्पष्टपणे वगळली आहेत. म्हणजे खरं कोर्ट स्वतः कॅमेरा लावतं तेव्हासुद्धा घरातल्या भांडणापाशी तो बंद करतं. टीव्हीवरचं कोर्ट कॅमेरा लावतं ते घरातलं भांडण शोधूनच.

मला तर या प्रकाराचं नातं कोर्टापेक्षा जातपंचायतीशी जवळचं वाटतं. एका माणसाचा शब्द, सगळ्यांसमोर पाणउतारा, ताबडतोब निवाडा, वर दाद मागायची सोय नाही. महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला, तो या पंचायतींचा जाच मोडून काढायलाच. एका दाराने जे बाहेर काढलं, ते दुसऱ्या दाराने मेकअप करून आत आलं आहे.

तीन युक्तिवाद नेहमी येतात

पहिला: "सही करून येतात ना? मग आपल्याला काय?" सही कोण करतं ते बघा. ज्याच्याकडे वकिलाला द्यायला पैसे आहेत तो टीव्हीवर कशाला जाईल? जातो तो ज्याला दुसरी वाट दिसत नाही, किंवा ज्याला प्रवासखर्च आणि हजेरीचे पैसेसुद्धा मोठे वाटतात. शिवाय घरच्या भांडणात सही दोघांची असते, फजिती मात्र घरातल्या सगळ्यांची होते. आठवीतल्या मुलाने कुठे सही केली होती? दुसऱ्या दिवशी शाळेत त्याला काय ऐकावं लागलं, ते कोणत्या भागात दाखवलं?

दुसरा: "कायदा कळतो." कोणता? अमेरिकेतल्या एखाद्या राज्यातला भाडेकरार आपल्याला काय कामाचा? आणि आपल्याकडच्या कार्यक्रमातून तुम्हाला पोटगीसाठी अर्ज कुठे करायचा हे कळलं का? संरक्षण अधिकारी कुठे भेटतो हे कळलं का? वारसाहक्कात मुलीचा वाटा किती हे नीट कळलं का? कोण रडलं आणि कोण उठून गेलं ते मात्र लक्षात राहिलं.

तिसरा युक्तिवाद मला खरोखर वजनदार वाटतो: "कोर्टात वर्षानुवर्षं जातात, इथे लगेच निकाल." खरं आहे. देशभरच्या जिल्हा आणि तालुका कोर्टांत चार कोटींहून जास्त प्रकरणं तुंबलेली आहेत. तारखांवर तारखा घेत म्हातारी झालेली माणसं आपल्या सगळ्यांच्या नात्यात आहेत. या रागातूनच टीव्हीवरचं कोर्ट आपल्याला गोड लागतं. पण भूक लागली म्हणून कोणी चित्रातला लाडू खात नाही. एका स्टुडिओत शंभर-दोनशे भांडणं रंगवून चार कोटींतलं एकही प्रकरण लवकर सुटत नाही. उलट राग तिथेच विरून जातो. जो राग न्यायाधीशांच्या रिकाम्या जागा का भरत नाहीत असं विचारायला हवा, तो कुणाच्या तरी नवऱ्याला झापलं म्हणून शांत होतो.

झाकणं आणि मांडणं

आता एक महत्त्वाचा प्रश्न, आणि तो टाळला तर हा लेख अप्रामाणिक होईल. कोणी म्हणेल, "ताई, तुम्ही पुन्हा तेच सांगताय. घरातली बाब घरात ठेवा." नाही. "घरातली बाब घरात" या वाक्याने किती मुलींचा जीव घेतला हे मला माहीत आहे, तुम्हालाही माहीत आहे. आपल्या समाजातही. मंदिरात पहिल्या रांगेत बसणाऱ्या घरांतही.

आपल्याकडे सम्यग्दर्शनाच्या आठ अंगांत 'उपगूहन' सांगितलं आहे, दुसऱ्याच्या दोषाचा गवगवा न करणं. त्याच्यासाठी जिनेंद्रभक्त शेठजींची कथा सांगतात. त्यागीवेषातला चोर मंदिरातलं रत्न घेऊन पळाला, लोक मागे लागले, तेव्हा शेठजींनी चारचौघांत त्याला झाकून घेतलं. एवढंच सांगून कथा संपवणारे अर्धीच कथा सांगतात. शेठजींनी त्याला नंतर एकांतात खडसावलं आणि तिथून घालवून दिलं. रत्न चोराला देऊन टाकलं नाही! लोकांसमोर झाकलं ते धर्माची टिंगल होऊ नये म्हणून. चोरीला मात्र तिथेच आळा घातला. सुनेला होणारी मारहाण झाकून ठेवणं आणि मारणाऱ्याला मारू देणं याला उपगूहन म्हणणारे लोक रत्न चोराच्याच पदरात टाकतात.

दुसरी गोष्ट आलोचनेची. आपला दोष गुरूंपाशी जाऊन सांगायचा. 'भगवती आराधना'त ज्या आचार्यांपाशी दोष सांगायचा त्यांचे गुण दिले आहेत. त्यातला एक असा की आचार्यांना शिष्याच्या मनात दडलेला दोष आपल्या प्रभावाने बाहेर काढता यायला हवा. म्हणजे कडकपणा चालतो. गुळमुळीतपणा नको. पण त्याच यादीत दुसरा गुण आहे, 'अपरिस्रावी'. जो गळत नाही. शिष्याने सांगितलेलं ज्यांच्याकडून कधी बाहेर झिरपत नाही. कडकपणा आणि हे न गळणं, दोन्ही एकाच माणसात हवं. टीव्हीवरच्या न्यायाधीशाकडे पहिला गुण पुरेपूर असतो. दुसरा असून चालतच नाही, कारण गळण्यावरच कार्यक्रम उभा आहे.

तेव्हा अन्याय झाकून ठेवायचा नाही आणि चव्हाट्यावर मांडायचाही नाही. तिसरी जागा असते. बंद दार, आत अधिकार असलेला माणूस, दोन्ही बाजू सावकाश ऐकणारा, आणि दिलेला निर्णय खरोखर अमलात आणू शकणारा. ती जागा आपल्याकडे आहे आणि बऱ्याच जणींना तिचा पत्ता ठाऊक नाही. प्रत्येक जिल्हा कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असतं. १९८७ च्या कायद्याने स्त्रीला तिथे मोफत वकील मिळतो, मग तिचं उत्पन्न कितीही असो. लोकअदालत तिथेच भरते. तिथे दोघांची संमती झाली तरच निवाडा होतो, आणि झालेला निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच बांधतो. माहितीसाठी १५१०० हा फोन. घरात मारहाण होत असेल तर महिला हेल्पलाइन १८१, आणि जीवावर बेतलं असेल तर सरळ ११२. हे आकडे फ्रिजवर चिकटवून ठेवा. आलेल्या-गेलेल्या बाईला दिसतील अशा उंचीवर.

आपला वाटा

"मी तर फक्त बघते." कर्माच्या बाबतीत हे उत्तर आपल्याकडे चालत नाही हे आपल्याला लहानपणापासून शिकवलं आहे. स्वतः केलेलं, दुसऱ्याकडून करवून घेतलेलं आणि दुसऱ्याने केलेल्याला मनातून दिलेली पसंती, तिन्ही खात्यावर जमा होतात. दिवसभर पाणी गाळून घ्यायचं, मुंगीवर पाय पडू नये म्हणून खाली बघून चालायचं, आणि रात्री सोफ्यावर बसून एका अनोळखी बाईचा पाणउतारा चवीने बघायचा, "बरी जिरली" म्हणायचं, याचा मेळ कसा घालायचा? त्या "बरी जिरली"साठीच तर कार्यक्रम बनतो. आपण बघितलं नाही तर तो उद्या बंद पडतो. न्यायाधीश झग्यात असतो, मालक रिमोट हातात घेऊन घरी बसलेला असतो.

आणि तो कार्यक्रम पडद्यावर थांबत नाही. आमच्या इमारतीतली मुलं जिन्यात कोर्ट-कोर्ट खेळतात. न्यायाधीश व्हायला सगळ्यांनाच हवं असतं, आणि न्यायाधीशाचं काम एकच, ओरडायचं. ऐकून घेणं हे न्यायाधीशाचं काम असतं हे त्यांनी कुठे पाहिलेलंच नाही. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मोठी माणसं तेच करतात. पार्किंगचं, कचऱ्याचं, कोणाच्या मुलाने केलेल्या आवाजाचं भांडण, फोटो टाकायचा आणि दोनशे जणांसमोर निकाल. आणि घरी? दोन मुलं भांडत आली की आपण पहिल्या वाक्याला ओळखतो "हाच असणार." एकाची बाजू ऐकून दुसऱ्याला झापतो, तेही पाहुण्यांसमोर. मूल तेव्हा आपली चूक शिकत नाही. आई कोणासमोर आपली मान खाली घालायला लावते, तेवढं मात्र कायमचं लक्षात ठेवतं.

म्हणून माझं सांगणं साधं आहे. असे कार्यक्रम घरात बंद करा. मुलांनी विचारलं तर कारण सांगा, की तिथे हरलेल्या माणसाला दंड होत नाही, फक्त त्याची लाज विकतात. फोनवर तसला तुकडा आला तर पुढे पाठवू नका. पाठवणाऱ्या मावशींना प्रेमाने तेच सांगा. घरात भांडण आलं तर टीव्ही बंद, दार बंद, दोघांना वेगवेगळं बसवून आधी पूर्ण ऐका. ज्याची जीभ कमी चालते त्याचं आधी. निर्णय द्यायचा असेल तर कडक द्या, पण त्या खोलीतलं खोलीत राहू द्या. आणि जे भांडण घराच्या ताकदीबाहेरचं आहे, जिथे कोणावर हात उठतो आहे, तिथे घरातले न्यायाधीश होऊ नका. त्या बाईचा हात धरा आणि तिला खऱ्या कोर्टाच्या पायरीपर्यंत सोबत करा. तिथे कॅमेरा नसतो, उशीर लागतो, बाकडी मोडकी असतात. पण तिथे मिळालेल्या हुकमाने पोटगी खात्यात येते, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना तिचं रडणं बघायला मिळत नाही.